कारणाचा रकाना

दि. ६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, त्याबद्दल तू मनातल्या मनात जे काही बोलली असशील ते सगळं मला मान्य आहे. शाळेत चाचणीचे पेपर तपासत होतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकाने दोनशे दहा काढली आहे आणि खाली समाधानाची दुहेरी रेघ ओढली आहे. पंचवीस वर्षं गणित शिकवून हे फळ.

आता मुद्द्याचं. ठकूचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी तिची चार-चार पानी पत्रं यायची, त्यात प्राध्यापकांच्या नकला, मैत्रिणींची भांडणं, सगळं असायचं. आता तीन ओळी येतात. मी बरी आहे, अभ्यास चालू आहे, आईला सांगा. वसतिगृहात फोन केला तर भलतीच कोणी उचलते आणि ठकू बाहेर गेली आहे म्हणून ठेवून देते. पाच वेळा केला, पाचही वेळा बाहेर. सुट्टीत घरी आली नाही, जादा तास आहेत म्हणाली. पहिल्या वर्षाचा निकाल जूनमध्येच लागला असणार. कसा लागला विचारलं तर चांगला लागला म्हणून कळवलं. चांगला म्हणजे किती? ज्या पोरीला मी मांडीवर घेऊन पाढे शिकवले ती मला आकडा सांगत नाही.

ही तर एका स्वेटरची बाही तिसऱ्यांदा उसवतेय. 

ताई, तू त्याच कॉलेजच्या रेकॉर्ड विभागात बसतेस. प्रत्येक मुलाची फाईल तुझ्या हाताखालून जाते. ठकूची फाईल उघडून एकदा बघ, मार्क किती आणि हजेरी किती, एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणाला कळायचंही कारण नाही. बापाला एवढं कळलं तर कोणाचं काय बिघडणार आहे?

वाट बघतोय. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. ११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

नाही.

पत्राची सुरुवात नकाराने करू नये असं आईने शिकवलं होतं, पण तू शेवटापर्यंत आशेने वाचत जाशील त्यापेक्षा हे बरं.

सव्वीस वर्षं मी या खिडकीत बसते. तुझ्यासारखे किती बाप आले त्याची गणती नाही. एक जण मुलीचा लहानपणीचा फोटो घेऊन आला होता. एकाने वरपर्यंत ओळख असल्याचं सांगितलं. एक बाई बाकावर दुपारपर्यंत बसून राहिली. मी सगळ्यांना तेच सांगितलं. मूल अठरा वर्षांचं झालं की फाईल त्याची. मार्क, हजेरी, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं त्याचं. आईबापांना बघायची असेल तर मुलाच्या सहीचं संमतीपत्र लागतं, आणि त्यात कोणाला, कुठला कागद आणि कशासाठी दाखवायचा ते लिहावं लागतं. ठकूला एकोणीस पूर्ण होतील पुढच्या महिन्यात, तुला आठवत असेल तर.

आणि कोणाला कळणार नाही हे तुझं म्हणणंही चूक. प्रत्येक फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक तक्ता डकवलेला असतो. जो उघडेल त्याने तारीख, कारण आणि सही करायची. मुलाला वाटेल तेव्हा येऊन स्वतःची फाईल बघता येते आणि तो तक्ताही. प्राचार्यांनी एकदा सही न करता फाईल चाळायला घेतली, तेव्हा मी त्यांच्यासमोर पेन धरलं. ते हसले, मी हसले नाही. त्यांनी सही केली.

तुझ्या वर्गात मार्क मोठ्याने वाचतात आणि माझ्याकडे ते कुलपात असतात. एका आईची दोन लेकरं, काय करणार.

ठकू मागच्या बुधवारी जिन्यात भेटली. हातात दोन-तीन पत्रं होती, घाईत होती. थोडी वाळलीय, पण चाल तीच, दोन पायऱ्या एकदम. रविवारी जेवायला ये म्हटलं तर बघते म्हणाली. आली नाही. याचा अर्थ मी काही लावत नाही आणि तूही लावू नकोस. तिला सरळ लिही आणि सरळ विचार. प्रश्न एकच विचार, प्रश्नपत्रिका काढू नकोस.

वहिनीला म्हणावं बाही उसवायची तर उसव, लोकर फेकू नकोस. तुमच्यावरचा जीव तसाच आहे, नकारासकट.

तुझी,
ताई


दि. २४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. घरचं पत्र वाचतोय की ऑफिसचं परिपत्रक तेच कळेना.

तरी मी तुझं ऐकलं. ठकूला सरळ विचारलं, एकच प्रश्न. उत्तरात सगळं ठीक आहे, काळजी करू नका, एवढंच आलं. मग मी रीतसर कॉलेजला अर्ज केला, बाप या नात्याने. परवा छापील उत्तर आलं, की विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय माहिती देता येत नाही. खाली तारीख आणि क्रमांक तुझ्या अक्षरात. माझ्या सख्ख्या बहिणीने मला जावक क्रमांक घालून नाही म्हटलं. हिला दाखवलं तर ती बऱ्याच दिवसांनी हसली आणि मग रडली.

ताई, मी गंमत करत नाहीये. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचा भाचा असाच परगावी शिकत होता. घरी ठीक आहे म्हणून लिहायचा. तो वर्षभर वर्गातच गेला नव्हता हे घरच्यांना तो दवाखान्यात पोचल्यावर कळलं. कॉलेजला सगळं माहीत होतं, आईबापांनाच नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. फळ्यावर उदाहरण मांडतो आणि मध्येच कुठली पायरी होती ते विसरतो. पोरं सांगतात.

ठकू जन्मली तेव्हा मला तिला हातात घ्यायची भीती वाटत होती. पहिल्यांदा तूच घेतलंस. ते कुठल्या नियमात बसत होतं? उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर तुझ्या त्या तक्त्यावर तू कोणाची सही घेणार आहेस?

मला आकडा नको. ती धड आहे की नाही एवढंच सांग. नाहीतर मी रजा टाकून येतो आणि कॉलेजच्या फाटकापाशी उभा राहतो. मग होईल तो तमाशा होईल.

रागात लिहिलंय. तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार?

तुझा,
धाकटा


दि. ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर.

आमच्या विभागाला नवीन कपाटं आली आहेत. लोखंडी, सरकत्या दारांची. दार सरकवलं की दात आंबल्यासारखा आवाज होतो. माझी खालची दाढही दुखतेय, तेव्हा सध्या आतून-बाहेरून एकच सूर आहे. समोरच्या टेबलावरच्या चष्मेवालीने लवंगेचं तेल दिलं. चांगली मुलगी आहे, कामालाही पक्की.

ठकू धडधाकट आहे. जेवतेखाते, चालतेफिरते, डोकं ठिकाणावर आहे. एवढं तुला खात्रीने सांगते आणि कशावरून ते विचारू नकोस. तुझ्या त्या चित्रकलेच्या बाईंच्या भाच्यासारखं इथे काही नाही. फाटकापाशी येऊन उभा राहू नकोस. तिला ते आवडणार नाही आणि मलाही.

दोन गोष्टी मात्र ऐक. तिला इतक्यात परीक्षेबद्दल काही विचारू नकोस. आणि पत्रं वसतिगृहाच्या पत्त्यावर टाकण्यापेक्षा माझ्याकडे टाक, मी तिला पोचवीन.

वहिनीला सांग की पोर बरी आहे. आता तरी तो स्वेटर पुरा कर म्हणावं. रागावून लिहिलंस त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सांभाळून राहा.

तुझी,
ताई


दि. १५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

बाबांचं पत्र मिळालं. त्यात अकरा प्रश्न होते, क्रमांक घातलेले. पहिला, वसतिगृह कधी सोडलंस. दुसरा, परीक्षेला का बसली नाहीस. खाली लिहिलं होतं की आत्याने काही सांगितलेलं नाही, पण तिच्या दोन सल्ल्यांवरून सगळं कळलं. बाबा गणिताचे आहेत हे तू विसरलीस. दोन वाक्यं दिली की तिसरं ते स्वतः काढतात.

मग मी मंगळवारी तुमच्या खिडकीत आले. तू दाढ काढायला गेली होतीस. चष्मेवालीला म्हटलं की मला माझी फाईल बघायची आहे. तिने ओळखपत्र तपासलं, मला आतल्या टेबलाशी बसवलं आणि फाईल समोर ठेवून थोडी दूर जाऊन बसली. फार नीट वागली.

आत काय होतं ते तुला माहीतच आहे. माझा सहा महिन्यांच्या रजेचा अर्ज, नव्या खोलीच्या पत्त्यासकट. डॉक्टरांचं पत्र. आणि पर्यवेक्षकांचा शेरा, की विद्यार्थिनी वीस मिनिटं कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर बसली आणि कोणाशी न बोलता निघून गेली. ते चूक आहे. मी बोलले होते. मी पाणी मागितलं होतं आणि पेपर संपेपर्यंत जागेवरून उठता येणार नाही असं ते म्हणाले होते. शेरा दुरुस्त करावा म्हणून मी तिथेच अर्ज लिहून दिला. तेही करता येतं हे चष्मेवालीनेच सांगितलं.

मग तक्ता पाहिला. चार नोंदी होत्या. पहिल्या तिघांनी कारणाच्या रकान्यात नोंदणी, रजामंजुरी, कागद जोडणे असं लिहिलं होतं. चौथी तारीख २९ सप्टेंबर, सही तुझी आणि कारण काळजी.

नुसतं पडताळणी लिहिलं असतंस तर मला कळलंही नसतं. मी त्या शब्दाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मला त्याच्यामुळे राग जास्त आला की कमी आला, तेही ठरवता येत नाही.

मी सातवीत बाबांच्या वर्गात होते. निकालाच्या दिवशी ते वरून खालपर्यंत मार्क वाचायचे आणि ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. चाळीस जणांत मी एकतिसावी होते. तिसाव्या नावानंतर बाबा थांबले, घसा साफ केला आणि मग माझं वाचलं.  म्हणून मी वसतिगृहात राहिले, तुझ्या घरी नाही. जिथे माझं सगळं आधीच कोणाला माहीत नसेल अशी एक जागा मला हवी होती.

मी नोव्हेंबरमध्ये घरी जाऊन स्वतः सांगणार होते. आईसमोर, चहाच्या वेळी. वाक्यं ठरवली होती. पहिलं असं होतं की मी परीक्षेतून उठून गेले, पण आता मी बरी आहे. त्यातला आता मी बरी आहे हा भाग मला आधी खरा करायचा होता. मी एका बुकबाइंडर बाईंच्या दुकानावरच्या खोलीत राहते. दिवसा खाली त्यांच्याकडे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवते. तिथे टाके सरळ पडतात. रोज थोडं थोडं ते वाक्य खरं होत होतं. आता ते मला सांगायचंच राहिलं नाही, कारण बाबांकडे उत्तर आधीच पोचलं आणि मी फक्त अकरा प्रश्नांची परीक्षा द्यायची.

उत्तर लिही. पण माझी समजूत घालू नकोस.

तुझी भाची


दि. १७ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. आ.

समजूत घालत नाही. काय केलं ते सांगते.

तुझ्या बाबांच्या पत्रात एक वाक्य होतं, ते मला बसू देईना. २९ तारखेला दुपारी चष्मेवाली चहाला गेली. तुझ्या शेजारच्या नंबरची फाईल काढायची आहे असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. त्या फाईलचं कोणालाही काही काम नव्हतं. तुझी काढली, उभ्या उभ्याच सही केली, कारण हात सवयीने तिकडे जातो. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. पडताळणी लिहिता आलं असतं. पण सव्वीस वर्षं त्या रकान्यात मी खोटं लिहिलेलं नाही. चोरी करताना खरं लिहिल्याने चोरी कमी होत नाही, हे मला कळतं.

मग वाचलं, सगळं वाचलं. पाण्याचं त्यात नव्हतं, ते तुझ्या पत्रात कळलं. ते वाचून मला उठून त्या पर्यवेक्षकाकडे जावंसं वाटलं. गेले नाही. तेही तुला न विचारता केल्यासारखंच झालं असतं.

बाबांना फाईलमधलं काही सांगितलं नाही, असं मी स्वतःची पाठ थोपटत होते. आणि दोन सल्ल्यांत सगळं सांगून मोकळी झाले. खिडकीत कोणाला हो-नाहीसुद्धा म्हणायचं नसतं, कारण त्यातून माणूस उरलेलं काढतो, हे मी नव्या मुलींना शिकवते.

काल अधीक्षकबाईंना लेखी दिलं. त्या म्हणाल्या की घरचीच मुलगी आहे, तिची तक्रार नाही, तक्ता जुना झाला म्हणून नवा डकवू. मी नको म्हटलं. सोमवारपासून माझी बदली आवक-जावक विभागात झाली आहे. तिथे पाकिटं बाहेरूनच बघायची असतात.

ठकू, तुझं सांगणं मी तुझ्याकडून हिरावून घेतलं. त्याला माफी हा शब्द पुरत नाही, तरी मागते. मी दर महिन्याला एक पत्र टाकीन. उत्तराची सक्ती नाही. माया आहे, ती तुझ्यावर लादत नाही.

तुझी,
आत्या


दि. १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठकू दोन दिवस येऊन गेली. तुला आधी लिहायला हवं होतं.

तिने एवढंच सांगितलं की ती रजेवर आहे, काम करते, डॉक्टरांकडे जाते आणि डिसेंबरात राहिलेला पेपर देणार आहे. बाकीचं मला वाटेल तेव्हा सांगेन, म्हणाली. मी अकरा प्रश्नांचं पत्र परत मागितलं. तिने दिलं नाही. माझं पत्र आहे, म्हणाली. ते बरोबरच आहे.

मग तिने विचारलं की सातवीतला निकालाचा दिवस तुम्हाला आठवतो का. ताई, मला आठवला नाही. तिने सांगितलं तरी आठवेना. मी किती थांबलो, कसा घसा साफ केला, सगळं तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. चाळीसच्या चाळीस जणांपुढे मी माझ्याच पोरीला उभं केलं आणि विसरून गेलो. असे किती वर्ग गेले असतील माझ्या हातून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या कपात चहा ओतला आणि आईला लोकर गुंडाळून दिली.

मागच्या आठवड्यात सहामाहीचा निकाल होता. या वेळी मी वाचला नाही. एकेकाला टेबलाशी बोलावून घडी घातलेला कागद हातात दिला. पोरं कागद घेऊन उभीच, आता पुढे काय ते कळेना. संध्याकाळी पालक आले. पहिला नंबर कोणाचा ते आम्हाला कळणार कसं, असं एका मुलीचे आजोबा विचारत होते. मी म्हटलं की नातीला विचारा. ते म्हणाले की ती सांगत नाही. मी म्हटलं की मग तुम्ही माझ्या शेजारी बसा, माझीही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकबाईंनी बोलावलं आणि शाळेची शिस्त, परंपरा, स्पर्धा यावर अर्धा तास ऐकवलं. मी ऐकून घेतलं. पुढच्या वेळीही वाचणार नाही.

तुझी बदली माझ्यामुळे झाली. मीच तुला त्या कपाटापर्यंत ढकललं. आता पाकिटांवर शिक्के मारताना मला शिव्या देत असशील तर दे.

डिसेंबरच्या पेपरची तारीख कॉलेजच्या फलकावर लागलीच असेल. तुला येता-जाता दिसली तर

हे वाक्य इथेच सोडतो. सवय अजून जात नाही. लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


दि. २१ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझी दोन पत्रं मिळाली. पहिलं ठेवून दिलं होतं, दोन्ही काल एकदम वाचली. आवक-जावकच्या शिपाईकाकांनी सगळी पाकिटं उंचीप्रमाणे लावून ठेवली असं तू लिहिलंस, त्यावर दुकानातल्या बाईंसकट आम्ही हसलो. चष्मेवालीने शेऱ्याच्या दुरुस्तीचं पत्र पाठवलं. विद्यार्थिनीने पाणी मागितले होते, असं आता तिथे लिहिलेलं आहे.

पेपर दिला. या वेळी छोट्या खोलीत, दार उघडं ठेवून, पाण्याची बाटली बाकावर. पहिली दहा मिनिटं एक अक्षर लिहिलं नाही. मग मी उत्तरपत्रिकेची शिवण बघितली. फार वाईट शिवलेली होती, एक टाका सुटलेला. ते बघता बघता पहिला प्रश्न लिहायला घेतला. एकदा उठून बाहेर गेले आणि परत आले. परत आले, आत्या. शेवटची घंटा होईपर्यंत बसले होते.

निकाल काल मिळाला. शंभरात एकसष्ट.

हा आकडा मी कोणालाही सांगितलेला नाही. आईलाही नाही. बाबांना मी सांगणार आहे, पण आत्ता नाही. रजा संपवून आधी महिनाभर वर्गात बसून बघायचंय. कदाचित फेब्रुवारीत सांगेन, कदाचित उन्हाळ्यात. मला वाटेल त्या दिवशी, मला वाटेल त्या वाक्यात. तोपर्यंत पास की नापास हेही त्यांना कळायला नको. ते तुला विचारतील. नक्की विचारतील.

तुला का सांगतेय ते मला नीट सांगता येणार नाही. राग गेलेला नाही. पण एकसष्ट हा आकडा एकटीच्या पोटात मावत नव्हता, आणि कोणाला सांगावं म्हटल्यावर तूच आठवलीस. बघू.

तुझी,
ठकू


दि. २९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. स्वेटर पुरा झाला हे वाचून बरं वाटलं. माझ्या दाढेची जागा भरून आली, आता दोन्ही बाजूंनी चावता येतं. आवक-जावकमध्ये वर्षअखेरीची झुंबड आहे. शिपाईकाका पाकिटं आता रंगाप्रमाणे लावतात. मी बोलणं सोडून दिलंय. नवीन शिक्का मारायचं यंत्र आलं आहे, ते तारीख एक दिवस पुढची टाकतं, म्हणून आम्ही सगळे सध्या उद्यामध्ये काम करतो.

निकाल लागले असं तुला कळलं आणि ठकूचा कसा लागला ते तू विचारलंस. नुसतं पास की नापास एवढंच सांग, आकडा नको, असं लिहिलंस. पुढे लिहिलंस की तुम्हा दोघांना अन्न गोड लागत नाही, वहिनी दर आवाजाला दाराशी जाते आणि तू गेल्या आठवड्यात वर्गात फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिलास. ते मी दोनदा वाचलं. तू माझा धाकटा आहेस. तुला असं बघवत नाही.

तरी सांगत नाही. मला काही माहीत आहे की नाही, तेही सांगत नाही. चांगलं असतं तरी सांगितलं नसतं आणि वाईट असतं तरी नाही. सल्ला देत नाही, पत्ता देत नाही, धीरही देत नाही, कारण मागच्या वेळी मी धीरच दिला होता. हे पत्र टाकण्याआधी तू वाचशील तसं ओळ न ओळ वाचून बघितलं आणि दोन ओळी काढून टाकल्या. कुठल्या ते ओळखायला बसू नकोस.

ठकूला वाटेल तेव्हा ती सांगेल. तोपर्यंत तुला ही घालमेल सोसायला लागणार आहे, धाकट्या, आणि मी ती कमी करू शकत नाही. रागावलास तर मला चार पानं लिही, मी वाचीन. बोलेनासा झालास तरी माया माझ्या बाजूने तशीच राहील.

बाकी इकडे सगळं नेहमीसारखं.

तुझी,
ताई